थांबे नव्हेत, अडथळेही नव्हेत

देवगडच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ एका मुलाने ‘सगळे थांबे काढून टाकणे’ असा लिहिला, तर गाईडमध्ये ‘सर्व अडथळे दूर करणे’ असा दिला आहे. गुण कोणाला द्यावेत? आणि संगीतातून आलेल्या अशा इतर इंग्रजी वाक्प्रचारांना मराठीत काय म्हणावे?

गुण कोणालाच देऊ नका. मुलाचे मी समजू शकतो, एसटीच्या गावात स्टॉप म्हणजे थांबाच. गाईडची चूक मात्र मला सहन होत नाही, कारण ती बातम्यांत आणि भाषणांत सतत कानावर पडते. खरा अर्थ आहे सगळी ताकद लावणे, हातचे काही राखून न ठेवणे.

बाकीचे वाक्प्रचार सोपे आहेत. ‘फेस द म्युझिक’ म्हणजे केलेले निस्तरणे. ‘प्ले इट बाय इअर’ म्हणजे आधी काही न ठरवता वेळ येईल तसे करणे. स्वतःचा ट्रम्पेट फुंकणाऱ्याला आपण केव्हाच टिमकी दिलेली आहे. ‘सेकंड फिडल’साठी ‘री ओढणे’ वापरू नका. री ओढणारा दुसऱ्याचेच पुन्हा म्हणतो. दुसरा व्हायोलिनवाला आपली वेगळी ओळ वाजवतो, मान मात्र पहिल्याला मिळतो.

आता स्टॉप. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांच्या अनेक रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा आवाज निराळा. वादकाच्या हाताशी खुंट्या असतात. खुंटी बाहेर ओढली की त्या रांगेत हवा शिरू शकते आणि ती बोलू लागते. सगळ्या ओढल्या की वाद्य पूर्ण ताकदीने गरजते. इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नल्डने १८६५ मध्ये आपल्या काळच्या इंग्रज माणसाला कोत्या आवाजाचा ऑर्गन म्हटले आणि त्याच्या आणखी काही खुंट्या ओढायला हव्यात असे लिहिले, तेव्हा त्याच्या मनात हेच चित्र होते.

अडथळेवाले यावर म्हणतात, खुंटी हवा अडवते, ती ओढली की अडथळा गेला. यंत्रापुरते हे खरे. पण ‘या ऑर्गनला चाळीस स्टॉप आहेत’ असे वादक सांगतो तेव्हा तो चाळीस अडथळे मोजत नसतो, चाळीस आवाज मोजत असतो. वाक्प्रचार वादकाच्या तोंडचा आहे, सुताराच्या नव्हे.

हे पाहायला चर्चमध्ये जायलाही नको. भजनाच्या पेटीला समोर खुंट्या असतातच, वाजवणारे त्यांना स्टॉपर म्हणतात. काही ओढल्या की हवा सुरांकडे जाते, काहींनी एकच सूर धरून ठेवता येतो. मुलांना पेटीपुढे बसवा, खुंट्या एकेक करून ओढू द्या, अर्थ सांगावा लागणार नाही.

आणि पेटीचा विषय निघालाच आहे तर मला जे खरोखर सांगायचे आहे ते सांगतो. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ असे आपण म्हणतो, त्यातली पट्टी कुठली? एका शब्दकोड्यांच्या जाणकाराने मला ठासून सांगितले की पट्टी म्हणजे थर, पातळी. मला हे मुळीच पटत नाही. थर आहे तर मग ‘मधल्या थरात बोल’ असे कोणी का म्हणत नाही? माझे मत असे की ही पट्टी पेटीचीच, बोटाने दाबायची काळी-पांढरी पट्टी. तंबोऱ्यावर षड्ज, म्हणजे सा, लावतात, खुंटी पिळून कानाने. त्या षड्जाला पत्ता नसतो. सतारीला पडदे असतात, पण ‘वरच्या पडद्यात बोलू नकोस’ असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. पेटी आली आणि सुराला पत्ता मिळाला: काळी एक, पांढरी चार. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बुवा पेटीवर बसले की पखवाजवाला आधी विचारतो, “बुवा, पट्टी खंयची?” त्या पट्टीला त्याच्या पखवाजाचे पान, म्हणजे कातडे, जुळले पाहिजे, नाहीतर सगळी बारी बेसूर. बोलण्यातला आवाज मोजायला ही पट्टी तिथूनच आली, असे मला वाटते.

म्हणजे वाक्प्रचाराचे वयही कळते. हार्मोनियम पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँने १८४० च्या सुमारास घडवला. जमिनीवर बसून वाजवायची हातपेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास केली. त्याआधी मराठी माणूस तारस्वरात ओरडत असेल, टिपेला जात असेल, पण वरच्या पट्टीत बोलत नसणार. पुढे १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे चालली. मला त्या निर्णयाचा आजही राग येतो. पण घराघरांत बोलली जाणारी पट्टी त्यांना काढून घेता आली नाही.

पेटी येण्यापूर्वीच्या एखाद्या बखरीत, पत्रात किंवा पोवाड्यात आवाजाच्या संदर्भात ‘पट्टी’ सापडली, तर ती ओळ जशीच्या तशी उतरवून मला जरूर पाठवा.