होलब्रुकजवळच्या शेतकरी घराण्याचा माग जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचे पणजोबा न्यू साउथ वेल्समध्ये होलब्रुकजवळ शेती करायचे, त्यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नाही, आणि जुन्या वर्तमानपत्रांत आडनाव नि 'होलब्रुक' टाकून शोधलं तर १९१५च्या मागे काहीच हाती लागत नाही. लागणार कसं? तेव्हा ते गाव होलब्रुक नव्हतंच. ते होतं जर्मनटन, आणि त्याच्याही आधी टेन माइल क्रीक. पाब्स्ट नावाचे एक जर्मन गृहस्थ तिथे हमरस्त्यावर खानावळ चालवायचे, त्यांच्यामुळे जर्मनटन हे नाव पडलं. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव डोळ्यांत खुपायला लागलं. डिसेंबर १९१४मध्ये लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुक यांनी बी-११ या ब्रिटिश पाणबुडीतून तुर्कस्तानच्या दार्दनेल्स सामुद्रधुनीत एक तुर्की युद्धनौका बुडवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. लगेच पुढच्या वर्षी गावाला त्यांचं नाव देऊन टाकलं. समुद्राचा मागमूस नसलेल्या त्या गावात आज रस्त्याकडेला एका पाणबुडीचा पाण्यावर दिसणारा वरचा भाग मांडून ठेवलाय.

तेव्हा आधी 'जर्मनटन' टाकून शोधा, निम्मं काम तिथेच होईल. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर १९१७ साली कायदा करून अशी कितीतरी जर्मन गावनावं एका फटक्यात बदलली. कुठल्याही गावाची जुनी नावं आधी काढून ठेवायची आणि मगच शोधाला बसायचं.

मी काही इतिहासाचा माणूस नाही. नोकरी सगळी भूमी अभिलेख खात्यात गेली. सूनबाईंचं माहेर तिकडचंच, अल्बरी आणि वागा वागा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. मुलाकडे मेलबर्नला आलो की संध्याकाळचा माझा हाच उद्योग असतो. त्यावरून माझं मत असं झालंय की आडनावाच्या मागे धावू नये, जमिनीच्या मागे जावं.

का, ते सांगतो. तुम्ही जिथे शोधताय ते ट्रोव्ह म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं संकेतस्थळ. फुकट आहे, १८०३च्या 'सिडनी गॅझेट'पासूनची वर्तमानपत्रं त्यावर आहेत, खेड्यापाड्यांतली चार पानी साप्ताहिकंसुद्धा. पण तिथला शोध छापील पानावर चालत नाही, यंत्राने ते पान वाचून जो मजकूर तयार केलाय त्याच्यावर चालतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची झिजलेले छपाईचे खिळे, पसरलेली शाई, घडीवर फाटलेलं पान. यंत्राला इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी दिसले की ते 'एम' वाचतं, आणि बर्न्स घराण्याचं बम्स होऊन जातं. (ही थट्टा नाही, मी पाहिलंय.) मॅकडोनाल्ड, मॅकेन्झी असली नावं असतील तर आणखी घोळ, कारण त्या काळी 'मॅक' पूर्ण न छापता नुसता 'एम' आणि वर एक उलटा स्वल्पविराम ठेवायचे. जर्मन घराण्यांची स्पेलिंगं तर बातमीदाराच्या कानावर अवलंबून.

बायकांचा प्रश्न याहून अवघड. जन्माची जाहिरात साधारण अशी असते: 'अमुक तारखेला, अमुक शेतावर, श्री. तमुक यांच्या पत्नीस मुलगा.' बाळंतिणीचं नाव नाही, बाळाचंही नाही. ती बाई आयुष्यभर 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं नाव अशीच छापली जाते. नवरा गेला की 'अमुक यांची विधवा'. तिचं स्वतःचं नाव छापून येतं ते बहुधा लग्नाच्या दिवशी आणि मरणाच्या दिवशी. मधली चाळीस वर्षं तुम्ही तिचं नाव टाकून शोधत बसलात तर ती सापडायची नाही.

शेताचं नाव मात्र टिकतं. तिथल्या बहुतेक शेतांना नाव असतं आणि बहुतेक जाहिरातींत ते येतं, जन्म असो, मृत्यू असो की घोडी हरवलेली असो. सूनबाईंच्या घराण्याचं शेत कोणतं ते इथे लिहीत नाही, त्यांचे चुलत लोक अजून तिथेच राहतात. पण ते नाव टाकून शोधल्यावर जे बाहेर आलं त्याच्या पासंगालाही आडनावाचा शोध पुरला नव्हता.

आणि जमीन म्हटली की त्या लोकांनी कागद किती केलेत! १८६१च्या रॉबर्टसन कायद्यांनी न्यू साउथ वेल्समध्ये कुणालाही सरकारी जमिनीतून ४० ते ३२० एकरांचा तुकडा निवडायची मुभा मिळाली. एकरी एक पौंड, त्यातला चौथा हिस्सा आधी भरायचा, आणि अट अशी की तिथे राहायचं आणि जमीन सुधारायची. मोठमोठी कुरणं धरून बसलेल्या मेंढपाळ-जमीनदारांना हे मुळीच रुचलं नाही. त्यांनी नोकरांच्या नावावर तुकडे उचलले, लहान शेतकऱ्यांनी पोराबाळांच्या नावावर. पुढे १८८४च्या कायद्याने ठिकठिकाणी लँड बोर्डं नेमली. अर्जदार खरंच तिथे राहतो का, कुंपण घातलं का, झाडं तोडली का, हे बोर्ड शपथेवर विचारायचं आणि स्थानिक पेपर ते छापायचा. कोण कुठे झोपतो, झोपडी केवढी, कुंपणाला खर्च किती आला, सगळं त्यात. महसुलाच्या माणसाला तर ही मेजवानीच. तुकड्याचा नंबर, पॅरिश आणि काउंटी (जमिनीच्या नोंदीसाठी केलेले लहान आणि मोठे विभाग) मिळाली की राज्याचे जुने पॅरिश नकाशे उघडा. तेही फुकट आहेत, आणि प्रत्येक तुकड्यावर तो घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. आपला सातबारा आणि गावनकाशा एकाच कागदावर आणल्यासारखं समजा. एक फसगत टाळा: अल्बरीचा परिसर गोलबर्न नावाच्या काउंटीत मोडतो, पण गोलबर्न शहर तिथे नाही, ते दूर सिडनीच्या बाजूला, वेगळ्याच काउंटीत आहे.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, कोंडवाडा. घराण्याचा इतिहास शोधणारे लोक ट्रोव्हवर 'फॅमिली नोटिसेस'ची गाळणी (फिल्टर) लावतात आणि जन्म-लग्न-मृत्यू एवढंच वाचून उठतात. कोंडवाड्याच्या जाहिराती त्या गाळणीत येतच नाहीत. सूनबाईंच्या खापरपणज्यांच्या नावाचा दुसरा एक माणूस त्याच पंचक्रोशीत होता. दोघेही शेतकरी, वय जवळपास सारखं. कुठली जाहिरात कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. मग एका कोंडवाड्याच्या यादीत एक ओळ दिसली: तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, मागचा उजवा पाय पांढरा, डाव्या खांद्यावर दोन अक्षरं एकमेकांत अडकवलेला डाग, अमक्याच्या कुरणातून आणली, अमुक तारखेपर्यंत सोडवून नेली नाही तर लिलाव. मालकाचं नाव नव्हतं. पण जनावरांवरचे डाग सरकारदरबारी नोंदवावे लागत आणि त्यांच्या याद्या सरकारी गॅझेटात छापून येत. तीही गॅझेटं ट्रोव्हवर आहेत. त्या यादीत तोच डाग, समोर खापरपणज्यांचं नाव, आणि पुढे शेताचं नाव. झालं, दोन माणसं वेगळी झाली. या याद्यांत 'निअर' म्हणजे जनावराची डावी बाजू आणि 'ऑफ' म्हणजे उजवी, एवढं ध्यानात ठेवा.

घोड्यांवरून आठवलं. त्या भागातल्या पेपरांत 'भारतात पाठवायला घोडे हवेत' अशा जाहिराती दिसल्या तर दचकू नका. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्या घोड्यांना 'वेलर' म्हणत, आणि इंग्रजांच्या भारतातल्या फौजेला ते जहाजं भरभरून जायचे.

लग्नाची बातमी आणि लग्नाची जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी. जाहिरात दोन-तीन ओळींची, पण तिचा शब्दन् शब्द मोलाचा. 'तिसरी मुलगी' म्हटलंय म्हणजे आणखी दोन शोधायच्या. 'हयात मुलांपैकी थोरला' म्हटलंय म्हणजे त्याच्या आधीचं एखादं गेलंय, त्याची नोंद मृत्यूंत पाहायची. बातमी मात्र स्थानिक पेपरात हातभर असते आणि शेवटी आहेराची यादी. होय, चक्क कुणी काय दिलं ते छापायचे: वधूपित्याकडून चेक, वरमाईकडून चादरी-टेबलक्लॉथ, अमक्या मावशीकडून लोण्याचं चांदीचं भांडं, शेजाऱ्यांकडून फुलदाण्यांची जोडी. या यादीवरून सूनबाईंच्या घरातल्या एका 'आंटी'चा उलगडा झाला. फोटोंत ती सगळीकडे होती, पण ती कोण हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आहेरात तिचं नाव लग्नानंतरच्या आडनावाने, गावासकट होतं. तिथून पुढे तिच्या मरणाच्या जाहिरातीत माहेरचं आडनाव सापडलं.

मृत्यूच्या जाहिरातीखाली कधीकधी एक ओळ असते, 'अ‍ॅबरडीनच्या वर्तमानपत्रांनी कृपया हे छापावं.' ती सोडू नका. घराणं मूळचं कुठलं, ते तिथे कळतं. नुसतं 'होम पेपर्स' असेल तर इंग्लंड-स्कॉटलंडकडचे एवढंच कळतं. अंत्यविधीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी आभाराची जाहिरात येते. डॉक्टरांचे, मेट्रनचे, शेजाऱ्यांचे आभार. माणूस कोणत्या दवाखान्यात गेला ते त्यावरून समजतं. बाळंतपणंही बऱ्याचदा शहरातल्या एखाद्या नर्सच्या खाजगी दवाखान्यात व्हायची, म्हणून जन्माच्या जाहिरातीतलं गाव म्हणजे राहतं गाव असं धरून चालू नका.

तारखांत नवखे हमखास अडकतात. '२७ अल्ट.' म्हणजे गेल्या महिन्याची २७, 'इन्स्ट.' म्हणजे चालू महिना, 'प्रॉक्स.' म्हणजे पुढचा. ५ एप्रिलच्या अंकात '२७ अल्ट.' असेल तर ती २७ मार्च. लोकांनी वंशावळीच्या संकेतस्थळांवर यातली कितीतरी लग्नं एकेक महिना पुढे ढकलून ठेवलीत, आणि एकाचं पाहून दुसरा तेच उतरवतो.

मृत्युलेखावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. मेलेल्याबद्दल वाईट कोण लिहितो? जो तो 'जुना, सर्वांचा आदर असलेला वसाहतकार', जो तो सोन्याच्या शोधात पहिल्या जहाजाने आलेला. वय तर हमखास दोन-चार वर्षांनी इकडे-तिकडे. न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८५६ला सुरू झाली, व्हिक्टोरियात १८५३ला. त्यानंतरच्या मृत्युदाखल्यावर आईवडिलांची नावं, जन्मगाव, किती वर्षं वसाहतीत होता, लग्न कुठे झालं, मुलं कोण, असं सगळं असतं, अर्थात सांगणाऱ्याला जेवढं ठाऊक तेवढं. दाखल्याला पैसे पडतात, म्हणून आधी पेपरातून माणूस नक्की करा आणि मगच मागवा. होलब्रुकची माणसं कामाला, दवाखान्याला मरी नदी ओलांडून व्हिक्टोरियात जायची, तेव्हा नोंद न्यू साउथ वेल्समध्ये नसेल तर पलीकडच्या राज्यात पाहा. पेपरांत 'अल्बरी बॅनर अँड वोडोंगा एक्स्प्रेस'पासून सुरुवात करा, त्यात नदीच्या दोन्ही काठांच्या बातम्या असतात.

जाहिरात सापडली नाही म्हणजे घटना घडली नाही असं नव्हे. जाहिरातीला पैसे पडत, आणि १८९५ ते १९०३च्या दुष्काळात मेंढ्या मरत असताना पोराच्या जन्माची जाहिरात द्यायला कुणाकडे पैसे होते? त्या वर्षांत उलट दिवाळखोरीच्या नोटिसा पाहा, अवजारं-जनावरं विकून शेत मोकळं करण्याच्या लिलावांच्या जाहिराती पाहा. घरात काय काय होतं त्याची यादीच मिळते.

एक मात्र आहे. बायको घर सोडून गेली, 'तिच्या कर्जाला मी जबाबदार नाही', पोटगीचा दावा, विहिरीत सापडलेलं प्रेत आणि त्यावरची चौकशी, असलंही सगळं त्याच पानांवर आहे. सासऱ्यांना दाखवण्याआधी नवऱ्याशी बोला. आमच्याकडे असं एक प्रकरण निघालं, तेव्हा सूनबाईंच्या आईला ते आधीपासून माहीत होतं आणि तिला ते कुणी उकरायला नको होतं.

ट्रोव्हवरचे बहुतेक पेपर १९५४पाशी थांबतात, प्रताधिकारामुळे. त्यापुढच्या मृत्यूच्या जाहिरातींसाठी रायरसन इंडेक्स पाहा. स्वयंसेवकांनी केलेली फुकट सूची आहे. मूळ मजकूर तिथे मिळत नाही, पण नाव, तारीख आणि कोणत्या पेपरात आली ते मिळतं, मग तो अंक ग्रंथालयात मायक्रोफिल्मवर पाहायचा. पणजोबांची मुलं पहिल्या महायुद्धात लढायला गेली असतील तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांची पूर्ण फाइल ऑनलाइन आहे, त्यात जवळच्या नातेवाइकाचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात बहुधा शेताचं नाव.

तेव्हा सासऱ्यांना आधी शेताचं नाव विचारा. त्यांना आठवत नसेल तर घरातलं जुनं बायबल, पत्रांची पाकिटं, कुणाच्या थडग्यावरचा मजकूर, कशात ना कशात असेलच. मिळालं की इथे खाली लिहा, पॅरिश नकाशावर तुकडा शोधायला मी मदत करतो.