पाचर, चप्पल की गाडी? टीआर-७ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ट्रायम्फ टीआर-७ या इंग्लिश स्पोर्ट्स कारचा फोटो छापला होता. खाली एकच ओळ होती : ‘कुरूप गाड्यांची यादी निघाली की हिचं नाव हटकून येतं.’ त्या एका ओळीवर आलेल्या पत्रांत बेळगाव भागातली पत्रं जास्त निघाली. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : माझे मेहुणे कॉव्हेंट्रीला असतात. त्यांनी १९७७ सालची पिवळी टीआर-७ घेतली, पक्क्या टपाची. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर सासूबाई म्हणाल्या, चपलेवर काच बसवल्यागत दिसतंय की! मेहुणे रुसून बसलेत. गाडी खरंच वाईट दिसते, की दोष फोटोचा? — एक वाचक, निपाणी

उत्तर : सासूबाईंची नजर पक्की आहे, पण त्यांना फक्त टप खटकलाय. खालचा भाग त्यांनी नीट बघितलेला नाही.

हॅरिस मान यांनी काढलेला हा आकार म्हणजे सरळसरळ पाचर. नाक जमिनीलगत, शेपूट उंच आणि मागून कापलेली. जानेवारी १९७५ मध्ये गाडी आधी अमेरिकेत आली, ब्रिटनमध्ये मे १९७६ मध्ये. ‘येणाऱ्या काळाचा आकार’ अशीच तिची जाहिरात होती. तिच्याआधीच्या टीआर-४ पासून टीआर-६ पर्यंतच्या गाड्या म्हणजे लांब बॉनेट आणि उघडं डोकं. तो तोरा बघायला सवकलेल्या गिऱ्हाइकापुढे ही पाचर आली, तीही टप घालून. टपाचं कारण अमेरिका. गाडी उलटली तर माणूस वाचला पाहिजे, म्हणून तिथे उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी त्या वेळी हवा होती. बंदी आलीच नाही. मग १९७९ मध्ये अमेरिकेत आणि १९८० मध्ये ब्रिटनमध्ये उघडी टीआर-७ निघाली. तोवर नाव खराब व्हायचं ते झालं होतं.

आता प्रमाण बघा, खरी गोम तिथे आहे. गाडीची लांबी सुमारे ४,०७० मिमी, रुंदी १,६८०, उंची १,२७०. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर मात्र फक्त २,१६०. आपल्याकडच्या जुन्या मारुती ८०० चं हेच अंतर २,१७५ मिमी आहे! म्हणजे मारुतीपेक्षा पाऊण मीटरनं लांब गाडी मारुतीएवढ्याच चाकांच्या अंतरावर उभी. जवळजवळ १.९ मीटर गाडी चाकांच्या पुढे-मागे नुसती लोंबते. त्यात ताशी पाच मैलांची धडक सोसायच्या अमेरिकी नियमापायी लावलेले जाड काळे बंपर. टपाची मागची काच जवळजवळ उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंना रुंद उतरते खांब. त्यामुळे टप अंगातून उगवल्यासारखा दिसत नाही, वरून टोपी ठेवल्यासारखा दिसतो. सासूबाईंची ‘काच’ ती हीच.

हिची चांगली बाजू म्हणजे दारावरची घडी. मागच्या दिव्याकडून निघते, दारावरून पुढे येत येत वाकते आणि पुढच्या चाकामागे खाली उतरते. ती नसती तर बाजूचा पत्रा कपाटाच्या दारासारखा सपाट दिसला असता. कित्येक लोक या घडीलाच नावं ठेवतात. आमच्या मते गाडीतली सगळ्यात धीट रेघ तीच आहे. उघडी टीआर-७ शेजारी उभी करून बघा. टप गेला की तीच घडी, तेच नाक एकदम शोभून दिसतं. तेव्हा आमचा निकाल असा : उघडी गाडी देखणी, टपाची गाडी समोरून देखणी आणि मागून बिचारी.

मेहुण्यांना फोटोपुरतं सांगा. फोन छातीजवळ धरून जवळून फोटो काढू नये, नाक फुगतं आणि शेपूट पळते. पाच-सहा मीटर मागे जावं, गुडघ्यावर बसून फोन जमिनीपासून ७०-८० सेंमीवर धरावा आणि थोडं झूम करावं. पुढच्या कोपऱ्यातून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. पिवळ्या रंगावर दुपारी ती घडी दिसतच नाही.

खर्च करायची तयारी असेल तर मूळ १३ इंची चाकं त्यांच्यावरच्या पत्र्याच्या कमानीत हरवतात, तिकडे आधी बघावं. २५ मिमी कमी उंचीच्या स्प्रिंगा आणि १५ इंची चाकांवर १९५/५० टायर घातले की गाडी जमिनीला धरून बसल्यासारखी दिसते. १८५/७० आर १३ टायरचा व्यास ५८९ मिमी, या नव्याचा ५७६. म्हणजे स्पीडोमीटर दोन टक्के जास्त दाखवील, एवढंच. चार बोल्टांचं वर्तुळ ९५.२५ मिमीचं आहे. १०० मिमी वर्तुळाचं चाक ‘बसतंय की’ म्हणून कुणी ओढून आवळलं, तर नट तिरके बसतात आणि पुढे सुटतात. बंपर मात्र काढू नयेत. त्यांच्याशिवाय नाक उघडंबोडकं दिसतं, आणि मूळ रूपातल्या गाडीलाच पुढे किंमत येते.

प्रश्न : ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचं आमचं काम आहे. फावल्या वेळात सागवानात टीआर-७ चं एकास दहा मॉडेल करतोय. पाचर सोपी असेल असं वाटलं होतं. दोनदा केलं, दोन्ही वेळा साबणाची वडी झाली. चुकतंय कुठं? — एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : तुमच्या हाताला ड्राफ्ट द्यायची सवय आहे, बहुधा तिथेच चुकतंय. साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून प्रत्येक उभ्या बाजूला उतार देता, तसाच इथे चारी बाजूंना सारखा दिला असणार. या गाडीचा उतार बाजूनं बघताना दिसायला हवा. वरून बघितलं तर कमरेच्या रेषेपर्यंत अंग जवळपास सरळच आहे, फक्त नाकाकडे आवळतं.

मापं अशी धरा : लांबी ४०७, रुंदी १६८, उंची १२७, चाकांतलं अंतर २१६, चाकाचा व्यास ५९ मिमी. आधी ६ मिमी प्लायवूडचं बाजूचं टेम्पलेट कापा, टप सोडून. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना ते चिकटवून रंध्यानं वरची बाजू काढा आणि टप वेगळ्या तुकड्यात करून नंतर डॉवेलनं, म्हणजे लाकडी खुंटीनं, बसवा. एकाच ठोकळ्यातून टप काढायला गेलं की काच आणि बॉनेट यांमधला कोन हटकून गोल होतो. तो कोन गेला की उरते साबणाची वडी!

दारावरची घडी शेवटी. पेन्सिलनं दोन्ही बाजूंना आखा, आरशात धरून सारखी आहे का बघा, मग रेघेच्या खालचं लाकूड अर्धा मिमीच कमी करा, वरचं तसंच ठेवा. कानस रेघेच्या दिशेनंच फिरवायची, आडवी फिरवली की धार मरते. लांबी (पुट्टी) भरायची वेळ आलीच तर घडीवर भरू नका, पॉलिश पेपरखाली पहिली तीच उडते. चाकं बसवताना कमानीत वर तीन मिमीहून जास्त फट ठेवू नका. खऱ्या गाडीत ती जास्त आहे आणि तिथेच ती फसली, ते तुम्ही कशाला उतरवायचं?

प्रश्न : जावई लेस्टरला. गाडीचे दिवे बॉनेटमधून वर येतात म्हणून ऐटीत सांगत होता. आता उजवा डोळा उघडतच नाही. मोटरच बदलायला लागणार काय? — एक वाचक, खानापूर

उत्तर : लगेच नको. दोन दिव्यांना दोन वेगळ्या मोटरी आहेत, त्यामुळे एकच डोळा मिटून बसणं ही या गाडीची नेहमीची खोड आहे.

हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अडकलेली मोटर मध्येच सुटली तर बोट चेपतं. मोटरच्या खालच्या अंगाला हातानं फिरवायची घुंडी असते. ती फिरवली की दिवा सावकाश वर येतो. घुंडी जड जात असेल तर दोष सांध्यांत आहे : बिजागरी कोरडी पडलीय किंवा गंजलीय. साफ करून ग्रीस लावा. थंडीत दिवा बर्फानं बॉनेटला चिकटलेला असताना बटण दाबत राहिलं तरी मोटर जळते, हे जावयांना मुद्दाम सांगा.

घुंडी हलकी फिरत असेल तर वायरिंग तपासा. बॅटरी जोडून, बटण चालू ठेवून मोटरच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर मल्टिमीटरची एक तार मोटरच्या अर्थिंगला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टाच्या वर आकडा आला तर अर्थिंग कच्चं. अर्थिंगची जागा पत्र्यापर्यंत खरवडा, नवी रिंग लावा, वरून व्हॅसलिन. बहुतेक वेळा काम इथेच संपतं. दिवा न थांबता वर-खाली करत राहिला तर मोटरमधल्या कटऑफ स्विचची पट्टी काळवंडलेली असते, तेव्हा मात्र मोटर उघडावी लागते.

प्रश्न : हिचं इंजिन हमखास तापतं असं ऐकलं. दिसायला तशी, चालायला अशी, मग घ्यायची कशाला? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : इंजिन वाईट नाही. १,९९८ सीसीचं, ४५ अंशांत कललेलं, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. याच घराण्यातलं इंजिन साब या स्वीडिश कंपनीनं सुरुवातीला ट्रायम्फकडून घेऊन आपल्या ९९ मॉडेलमध्ये बसवलं होतं. घोळ पाण्याच्या पंपाच्या जागेचा आहे. पंप इंजिनावर उंचावर बसलाय. पाणी थोडं कमी झालं की पहिल्यांदा पंपच हवा ओढतो आणि फिरणं थांबतं. गेजचा सेन्सर कोरडा पडला की काटा गुमान मध्यावर असतो आणि तिकडे हेड वाकतं.

म्हणून पाणी भरायची रीत पाळायची. गाडी गार असताना हीटर पूर्ण ‘गरम’वर, नाक चढावाकडे. थर्मोस्टॅटच्या घरावरचा प्लग उघडून तिथून हळूहळू ओता, होज दाबत दाबत, काठोकाठ येईपर्यंत. प्लग लावा, पाण्याची टाकी निम्मी भरा, इंजिन चालवा, गार होऊ द्या, पुन्हा बघा. अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं, बाराही महिने, आणि दर दोन वर्षांनी नवं. ते थंडीपुरतं नसतं, गंज रोखायलाही तेच लागतं.

गंज महत्त्वाचा अशासाठी, की हेड पाच बोल्ट आणि पाच स्टडवर बसतं, आणि स्टड तिरके आहेत. ते भोकांत गंजून धरले की हेड वर येत नाही. मग कुणीतरी फटीत स्क्रूड्रायव्हर ठोकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग कायमचा खरवडला जातो. घेण्याआधी हेड नुकतंच उतरवलेलं आहे का, ते विचारावं. उतरवलेलं असलं तर तो गुण समजावा, खोट नव्हे. पुन्हा बसवताना सरळपट्टी धरून ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) खालून सरकते का बघावं. सरकली तर ग्राइंडिंग.

इंजिनापेक्षा पत्र्याला जास्त घाबरा. बॉनेट उघडून पुढच्या सस्पेन्शनच्या माथ्याभोवती चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी भरलीय. मग दारांखालचे सिल, मागच्या कमानी आणि कार्पेटखालचा तळ. माथे सडलेले असतील तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्यावी. शक्यतो लिव्हरपूलच्या स्पीक कारखान्याऐवजी, १९७८ नंतर कॉव्हेंट्रीत किंवा सोलिहलला जोडलेली गाडी बघा. काम बरं आहे, आणि तोवर पाच गिअरचा बॉक्सही सर्रास मिळू लागला होता.

प्रश्न : आजोबांची १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड गोठ्याशेजारी उभी आहे. हेराल्ड म्हणजे ट्रायम्फच ना? टीआर-७ चे पार्ट चालतील? व्हिंटेज नंबर मिळेल? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : हेराल्ड ट्रायम्फचीच, मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बांधलेली. तिचा आकार इटालियन डिझायनर मिकेलोत्ती यांचा, आणि टीआर-४ चाही त्यांचाच. हेराल्डच्या पंखांवरच्या धारा बघा, कोरीव हात लगेच ओळखू येतो. टीआर-७ चे मुख्य पार्ट तिला चालणार नाहीत. दोघींत वंश एक, पण हाडं वेगळी.

व्हिंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. तुमची बसते. २०२१ च्या नियमाप्रमाणे नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. अर्ज करण्याआधी चासिस नंबर पितळी ब्रश आणि डिझेलनं साफ करून जुन्या आरसी बुकाशी अंक न् अंक ताडून बघा. सँडपेपर लावू नका, अंक झिजले की तपासणीला गाडी परत येते. आणि गोठ्याकडची बाजू आधी उघडून बघा, त्या अंगाचा पत्रा नक्की जास्त सडलेला असणार.