बोर्डवॉक, मरीना की व्हेंटनॉर? अटलांटिक सिटीत मुक्काम कुठे करावा

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अटलांटिक सिटीबद्दल, म्हणजे न्यू जर्सीतल्या समुद्रकाठच्या कॅसिनोंच्या शहराबद्दल, बरीच पत्रं आली. बहुतेकांनी ‘कोणतं हॉटेल चांगलं’ असं विचारलंय. आधी भाग ठरवा. हॉटेल त्यानंतर दहा मिनिटांत ठरतं.

प्रश्न : आई-बाबा भारतातून आलेत, शिवाय ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं आहेत. दोन रात्री राहायचंय. मरीना भागातल्या हॉटेलांच्या खोल्या फोटोत जास्त छान दिसतात आणि नकाशावर समुद्रही जवळच दिसतो. तिथेच घेऊ का? (एडिसन, न्यू जर्सी)

नका घेऊ. हॉटेलांच्या दृष्टीने हे गाव एक नाही, दोन आहेत. नऊ कॅसिनोंपैकी सहा बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्राकाठच्या लाकडी रस्त्यावर आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे त्यांचा क्रम असा : ओशन, हार्ड रॉक, रिसॉर्ट्स, बॅलीज, सीझर्स, ट्रॉपिकाना. बोर्गाटा, हॅराज आणि गोल्डन नगेट हे उरलेले तीन मागच्या खाडीच्या अंगाला, मरीना भागात. तिथल्या वरच्या मजल्यांवरून समुद्र दिसतो, पण तो फक्त बघायला. मुलांना पोहायचे कपडे घालून, टॉवेल खांद्यावर टाकून पायी जाता येईल असा किनारा तिथे नाही. दर वेळी गाडी काढायची, पुन्हा पार्किंग शोधायचं, आणि ओल्या वाळूसकट सगळ्यांना परत गाडीत बसवायचं. दोन रात्रींच्या सहलीत हे एकदाच होतं. दुसऱ्या दिवशी सगळे हॉटेलच्या तलावावरच बसतात.

बोर्डवॉकवरही सगळी टोकं सारखी नाहीत. ओशनपासून ट्रॉपिकानापर्यंतचं अंतर सुमारे दोन मैल आहे. मुलं डोळ्यांसमोर ठेवली तर हार्ड रॉक आणि रिसॉर्ट्सचा पट्टा सोयीचा, कारण स्टील पिअर हा पाळण्यांचा आणि खेळांचा धक्का अगदी समोर येतो. शेजारच्या शोबोट हॉटेलमध्ये कॅसिनो नाही, आणि २०२३ मध्ये त्याला लागून बंदिस्त जलक्रीडा उद्यान सुरू झालंय. पावसाचा दिवस निघाला तर ते मोठाच आधार आहे. मात्र या उत्तरेकडच्या बाजूला वाळू वाहून जायचं प्रमाण जास्त आहे. भरतीला किनारा अरुंद होतो, म्हणून भरतीच्या वेळा बघूनच खाली उतरा.

आई-बाबांना गर्दी आणि गोंगाट नको असेल तर ट्रॉपिकाना बघा. तिथल्या ‘द क्वार्टर’मध्ये छताखालीच दुकानं आणि खाण्याच्या जागा आहेत, त्यामुळे ऊन चढलं तरी संध्याकाळपर्यंत आत फिरता येतं. बोर्डवॉकवर चाकाच्या वेताच्या खुर्च्या मिळतात, माणूस मागून ढकलत नेतो. बसण्याआधी भाडं आणि कुठपर्यंत नेणार हे दोन्ही स्पष्ट विचारून घ्या. टिप वेगळी.

आणखी एक गोष्ट खोली घेताना कोणी सांगत नाही. बहुतेक कॅसिनो हॉटेलांत लिफ्टमधून उतरून बाहेर पडायचा रस्ता जुगाराच्या दालनाच्या कडेने किंवा मधूनच जातो. न्यू जर्सीच्या २००६ च्या धूम्रपानबंदी कायद्यातून कॅसिनोंची दालनं वगळली गेली, आणि शहराच्या नियमानुसार दालनाच्या २५ टक्के जागेत आजही सिगारेट ओढता येते. बाबांना दमा असेल किंवा मुलांना धुराचा त्रास होत असेल तर आरक्षणाच्या वेळी फोन करून विचारा, ‘खोलीच्या लिफ्टपासून बोर्डवॉकपर्यंत कॅसिनोत न शिरता जाता येतं का?’ मुलांना दालनाच्या वाटेने चालत पुढे जाता येतं, थांबता मात्र येत नाही. आजोबा मशीनपाशी दोन मिनिटं उभे राहिले आणि नातू शेजारी, की सुरक्षारक्षक आलाच. धुराची चिंता मोठी असेल तर शोबोट किंवा क्लॅरिज ही कॅसिनो नसलेली हॉटेलं आधी बघा.

प्रश्न : आमच्याकडे गाडी नाही. न्यूयॉर्कहून रेल्वेने यायचं म्हणतोय. स्टेशनजवळ राहू की किनाऱ्यावर? (क्वीन्स, न्यूयॉर्क)

न्यूयॉर्कहून थेट रेल्वे नाही. फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनला गाडी बदलावी लागते, आणि तिथून पुढे दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. न्यूयॉर्ककरांना मॅनहॅटनच्या पोर्ट ऑथॉरिटी बसस्थानकाहून सुटणारी न्यू जर्सी ट्रान्झिटची ३१९ क्रमांकाची बस सरळ पडते. रेल्वे फिलाडेल्फियाकरांनी घ्यावी.

गाडी नसताना बॅलीज, सीझर्स किंवा क्लॅरिज, म्हणजे बोर्डवॉकचा मधला भाग पकडा. रेल्वे स्टेशनपासून आउटलेटच्या दुकानांमधून तिथे पायी जाता येतं. दोन्ही टोकांना चालत जाणंही त्यातल्या त्यात समान पडतं. बॅगा घेऊन दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या टोकाला जायचं असेल तर जिटनी घ्या. ही १३ आसनांची छोटी बस शहरात १९१५ पासून चालते. चढण्यापूर्वी ‘मरीनाला जाते का’ किंवा ‘पॅसिफिक ॲव्हेन्यूने जाते का’ एवढंच विचारायचं, कारण वेगवेगळ्या मार्गांच्या गाड्या एकाच कोपऱ्यावर थांबतात.

रस्त्यांची नावं एकदा समजून घेतली की चुकायला होत नाही. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्यांपैकी पहिला पॅसिफिक, मग अटलांटिक. हो, अटलांटिक महासागराला जास्त जवळ पॅसिफिकच! आडवे रस्ते मुख्यतः राज्यांच्या नावांचे. मोनोपॉली खेळलेल्यांना निम्मी नावं पाठ असतात, कारण अमेरिकी पटावरची नावं याच शहरातली आहेत. रात्री उशिरा एका हॉटेलातून दुसरीकडे जायचं असेल तर बोर्डवॉकवरून जा. तिथे दिवे आणि माणसं दोन्ही असतात. पॅसिफिक ॲव्हेन्यूवर हॉटेलांच्या पाठी, पार्किंगच्या इमारती आणि गहाणवटीची दुकानं, त्यामुळे काही पट्टे अगदी ओसाड वाटतात. तेवढ्यासाठी जिटनी किंवा टॅक्सी करा.

प्रश्न : आमच्या मंडळाचा कार्यक्रम कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आहे. ‘कन्व्हेन्शन हॉलसमोर’ असं लिहिलेलं हॉटेल मिळतंय, घेऊ का? (डेलावेअर)

थांबा, इथे गल्लत होते. बोर्डवॉकवर १९२९ मध्ये उघडलेलं जे भव्य सभागृह आहे त्याचं आजचं नाव बोर्डवॉक हॉल. जुने लोक आणि जुन्या जाहिराती त्यालाच कन्व्हेन्शन हॉल म्हणतात. तुमचं कन्व्हेन्शन सेंटर वेगळं. ते रेल्वे स्टेशनला लागून, किनाऱ्यापासून आत आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, २०२२ चं अधिवेशन तिथेच झालं होतं. आमंत्रणावरचा पत्ता वाचा आणि मगच खोली घ्या.

सकाळी आठला नऊवारी नेसून हजर व्हायचं असेल तर सेंटरला बंद पुलाने जोडलेलं शेरेटन सर्वांत सोयीचं. पाऊस असो वा वारा, रस्ता ओलांडायचा नाही. ते भरलं तर सीझर्स किंवा बॅलीज. मरीना स्वस्त मिळालं तरी दिवसातून दोनदा ये-जा, आणि संध्याकाळी साडी बदलायला आणखी एक फेरी, हे धरून हिशेब करा.

प्रश्न : कॅसिनोत आम्हाला काडीचा रस नाही. आठवडाभर घर भाड्याने घ्यायचंय. शहरात घेऊ की बाहेर? (पेनसिल्व्हेनिया)

अटलांटिक सिटी अॅबसेकन बेटाच्या उत्तर टोकाला आहे. दक्षिणेकडे व्हेंटनॉर, मार्गेट, लाँगपोर्ट ही गावं क्रमाने येतात. तुम्हाला व्हेंटनॉर योग्य वाटेल. तिथला बोर्डवॉक अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉकला सलग जोडलेला आहे, पण त्यावर दुकानं नाहीत. सकाळी चालायला त्याहून चांगली जागा या बेटावर नाही. मार्गेटला बोर्डवॉक नाही, मात्र १८८१ मध्ये बांधलेला ६५ फुटी लाकडी हत्ती, ‘लूसी’, मुलांना दाखवायला आहे.

फरक किनाऱ्याच्या शुल्काचा. अटलांटिक सिटीचा किनारा फुकट आहे. व्हेंटनॉर, मार्गेट आणि लाँगपोर्टला उन्हाळ्यात किनाऱ्यावर जायला बिल्ला विकत घ्यावा लागतो. बारा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. घरमालक भाड्यासोबत किती बिल्ले देतात हे आधी विचारा. सहा माणसांच्या घराला चार बिल्ले असले की उरलेले दोन तुमच्या खिशातून.

शहरातच राहायचं ठरलं तर चेल्सीचा किनाऱ्याकडचा भाग बघा. ट्रॉपिकानाच्या दक्षिणेला राहत्या वस्तीचा हा भाग आहे, स्टॉकटन विद्यापीठाचा २०१८ मध्ये सुरू झालेला परिसरही तिथेच. ‘चेल्सी हाइट्स’ हे नाव वाचून उंचावर असेल असं समजू नका. ती वस्ती खाडीकडे, सखल आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला खाडीकडच्या रस्त्यांवर, आणि शहरात येणाऱ्या ब्लॅक हॉर्स पाइक या रस्त्यावरही, पाऊस नसताना पाणी येतं. ते पाणी खारं असतं. त्यातून गाडी नेली की ब्रेक आणि खालचा पत्रा गंजतो. खाडीकडचं घर घ्यायचं तर गाडी उंचावर लावायला जागा आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. शयनगृहांची संख्या नंतर.

मुख्य भूमीवर, हायवेलगतची मोटेलं खूप स्वस्त दिसतात. मुलाबाळांसह तिथे उतरायची शिफारस आम्ही करणार नाही.

प्रश्न : चार मित्र, एक रात्र, फक्त कॅसिनो. (प्रिन्स्टन)

मग मरीनाच, आणि त्यातही बोर्गाटा. अटलांटिक सिटी एक्सप्रेसवेच्या शेवटी, मरीनाकडे जाणाऱ्या ब्रिगँटिन कनेक्टर रस्त्याच्या बोगद्यात शिरा, शहरातल्या सिग्नलवर न अडकता थेट पोचता. चौघांचीही वयं २१ पूर्ण हवीत. केवळ खेळायलाच नाही, बहुतेक कॅसिनो हॉटेलांत खोली ताब्यात घ्यायलाही. तिन्ही कॅसिनोंत फिरायचा बेत असेल तर नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका. मधले रस्ते गाड्यांसाठी केलेले आहेत, पायी चालणाऱ्यासाठी नाहीत.

प्रश्न : खोलीचा दर एक दिसतो, बिल भलतंच येतं. असं का? (स्टॅमफर्ड)

तीन कारणं : रिसॉर्ट फी (खोलीच्या दरावर हॉटेल लावतं ते सक्तीचं शुल्क), कर आणि पार्किंग. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीचं शुल्क धरूनच एकूण दर दाखवावा लागतो, त्यामुळे रिसॉर्ट फीचा धक्का कमी झालाय. सरकारी कर मात्र अजूनही शेवटच्या पानावर वाढू शकतात, आणि पार्किंग त्यात नसतंच. शुक्रवार-शनिवार टाळून रविवार ते गुरुवार गेलात तर त्याच खोलीचा दर बराच उतरतो.

खोलीचं वर्णन वाचताना टॉवरचं नाव बघा. रिसॉर्ट्स हे १९७८ मध्ये सुरू झालेलं शहरातलं पहिलं कॅसिनो, आणि त्याला जुना ओशन टॉवर आणि नवा रॉंदेव्हू टॉवर असे दोन आहेत. नाव ‘ओशन’ असलं तरी समुद्र दिसणारी खोली हवी हे वेगळं सांगावं लागतं. आणि फ्रिजमध्ये आधीच बाटल्या ठेवलेल्या असतील तर त्या हलवून आपली दह्याची डबी ठेवू नका. काही ठिकाणी त्याखाली सेन्सर असतो, बाटली उचलली की ती बिलात चढते. रिकामा फ्रिज हवा असं आरक्षणाच्या वेळीच लिहून मागा.