परदेशी परवाना आणि भारतीय विमान

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवून लवकरच घरी परतते आहे. तो परवाना इथे थेट चालत नाही, पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात, असे समजले. विमान चालवण्याची विद्या सगळीकडे एकच असताना ही अट कशासाठी?
– एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्याला वाटणारी काळजी रास्त आहे, पण या अटीचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. त्याच्या ३२ व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारे विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य ठरवलेला परवाना वैमानिकाकडे असावा लागतो. भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवात ‘व्हीटी’ या अक्षरांनी होते, अमेरिकी विमानांची ‘एन’ने. आपल्या मुलीचा परवाना ‘एन’च्या विमानांसाठी आहे; ‘व्हीटी’साठी डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो.

परवान्याचा किमान दर्जा नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयकाओ’ ठरवते आणि त्यावर प्रत्येक देश आपले नियम करतो. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात किमान २०० उड्डाणतास लागतात. अमेरिकेत सर्वसाधारणपणे २५०, तर तिथल्या नियमावलीच्या ‘पार्ट १४१’ या भागाखाली मान्यता असलेल्या संस्थेत १९०. युरोपात एअरलाइनच्या परवान्यासाठी लेखी विषयच तेरा आहेत. अमेरिकेत लेखी भार कमी, परंतु २००९ मधील बफेलो शहराजवळच्या विमान अपघातानंतर, २०१३ पासून, तिथल्या एअरलाइनमध्ये सहवैमानिक होण्यासाठीही साधारणपणे १,५०० तासांची अट आहे. म्हणून अमुक देश सोपा आणि तमुक कडक, असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही.

खरी अडचण बहुधा लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणतासांच्या नोंदवहीत, निघते. अमेरिकेत खासगी परवाना मिळाल्यावर विद्यार्थी स्वतः विमान हाताळत असेल, तर प्रशिक्षक शेजारी बसून शिकवत असतानाचा वेळही ‘पायलट इन कमांड’च्या (विमानाची जबाबदारी असलेल्या वैमानिकाच्या) रकान्यात लिहिता येतो. भारतात तोच वेळ ‘ड्युअल’, म्हणजे प्रशिक्षकासोबतचा, धरला जातो. त्यामुळे इथे लागणारे १०० कमांड-तास तिथल्या नोंदीत पूर्ण दिसले तरी इथल्या तपासणीत कमी भरू शकतात आणि मुलीला पुन्हा पैसे मोजून उड्डाण करावे लागते. ती तिथे आहे तोवरच हा रकाना ओळीन् ओळ तपासून घ्यावा, प्रशिक्षकासह केलेली उड्डाणे वेगळी काढावीत, आणि तूट असेल तर ती तिथेच भरून काढावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

इथे आल्यावर दोन लेखी परीक्षा असतात : एक एअर रेग्युलेशन्सची (हवाई नियमांची), आणि दुसरी नेव्हिगेशन (मार्गनिर्धारण) व हवामानशास्त्र यांची एकत्रित. दोन्हींत ७० टक्के गुण लागतात. शिवाय रेडिओ-टेलिफोनीचा (विमानातून रेडिओवर बोलण्याचा) परवाना, भारतीय नियमांनुसार वर्ग १ ची वैद्यकीय तपासणी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी असते. डीजीसीए मूळ परवान्याची खातरजमाही करून घेते. यांपैकी वैद्यकीय तपासणी आधी उरकावी, कारण तीत काही निघाले तर बाकीची सगळी तयारी अडून राहते.