‘दोनच पेग’ मोजायचे कशाने?

“मॅडम, ते म्हणतत दोनच पेग घेतंय. मगे मीच उगाच बोंब मारतंय काय?”

दारूच्या प्रश्नावर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी हाच प्रश्न घेऊन येतात. नवरा मारहाण करत नाही, गटारात पडत नाही, कामाला दांडी मारत नाही. पण रोज संध्याकाळी बाटली निघते. सासू म्हणते, पुरुषमाणूस आहे, दमून येतो. मग बाईला वाटतं, आपलंच काही चुकतंय का?

मालवण तालुक्यातल्या एका जोडप्याचं सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला बाबल म्हणू, तिला सुनंदा. बाबल मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य खलाशी, वय 45 च्या आसपास. दिवाळीनंतर दवाखान्यात बीपी 160/100 निघालं. गोळी चालू असूनही उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याला माझ्याकडे धाडलं. रोजची दारू रक्तदाब चढवते. तिच्यापुढे एकटी गोळी काय करणार?

सुनंदाने तोवर घरी स्वतःची मोजणी सुरू केली होती. रोज रात्री बाटलीच्या लेबलवर पेनाने बारीक रेघ मारायची. बाबलच्या ते लगेच ध्यानात आलं. तो घ्यायची तेवढी घ्यायचा आणि रेघेपर्यंत पाणी भरून ठेवायचा. सकाळी रेघ जागच्या जागी, सुनंदा निर्धास्त, आणि दुसऱ्या दिवशी पाणचट लागली म्हणून बाबल पेग जरा मोठाच भरणार. अशी राखण किती घरांत चालते ते मी रोज ऐकते. तिच्यातून भांडण तेवढं मिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची तपासणी आहे. एकूण गुण 40. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलं असं धरतात, वीस किंवा जास्त आले तर शरीराला सवय जडल्याची शंका घेतात. बाबलने सरळ उत्तरं दिली. आठवड्यातून किती वेळा? सोमवार सोडून रोज. एका वेळी किती? दोन पेग. घरच्यांनी, डॉक्टरांनी कधी टोकलं? सुनंदाकडे बघून हसला. गुण आले आठ, अगदी उंबरठ्यावर. “बघा,” तो म्हणाला, “मी काय बेवडो नाय.”

पुढच्या खेपेला मी त्यांना त्याचा नेहमीचा ग्लास आणि रिकामी बाटली आणायला सांगितलं. ग्लास स्टीलचा, बुडाशी त्याच्या वडिलांचं नाव कोरलेला. बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि म्हटलं, घरी ओतता तसं ओता. त्याने बोलता बोलताच ओतलं, ग्लासाकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका हात बसलेला. ते पाणी मी औषध मोजायच्या मापात घेतलं. तीस झाले, साठ झाले, शेवटचा थेंब पडला तेव्हा 75 मिली. बाबलने माप उचलून उजेडात धरलं. “माप बरोबर आसा मां?” त्याने पुन्हा ओतून पाहिलं. या वेळी हात आखडता घेतला, तरी साठाच्या वर.

आता हिशेब. व्हिस्की असो, रम असो की देशी, बाटलीवर बहुधा 42.8 टक्के छापलेलं असतं. तिच्या 30 मिलीत साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, तो आपल्याकडे एक प्रमाण पेग धरतात. म्हणजे बाबलचे ‘दोन’ मुळात पाच होते. क्वार्टर, म्हणजे 180 मिली, सहा. आणि जी बिअर लोक सरबतासारखी पितात तिची 650 मिलीची स्ट्राँग बाटली, आठ टक्क्यांची असेल तर, एकटीच चार पेगांची. शनिवारी मासळीच्या पैशांची वाटणी झाली की बाबल क्वार्टर आणि वर एक बिअर घेत असे. त्याच्या लेखी तीही ‘थोडीशीच’. नव्या मापाने ‘एका वेळी किती’ आणि ‘एका बैठकीत सहा किंवा जास्त असं किती वेळा’ या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली आणि आठाचे तेरा झाले. बाबल खोटं बोलत नव्हता. त्याने कधी मोजलीच नव्हती.

जिल्ह्याच्या आणि देशाच्या आकड्यांतही हीच गोम आहे. किती दारू विकली याची नोंद राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे असते. पण आमच्या सिंधुदुर्गाला गोव्याची हद्द लागून. तिथली स्वस्त बाटली पत्रादेवी-बांद्यावरून चोरून येते, आणि गावठी तर कुणाच्याच वहीत नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना खपाच्या आकड्यात नोंद नसलेल्या दारूचा अंदाज वेगळा मिळवते. दुसरा मार्ग घरोघर जाऊन विचारण्याचा. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत 10 ते 75 वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू घेतात असं निघालं. कोण घेतो हे माणूस सांगतो. किती घेतो ते मात्र आपल्या ग्लासाने सांगतो, त्यामुळे पाहण्यांत खप बहुतेक वेळा विक्रीपेक्षा कमी दिसतो.

बाबलला मी एकच काम दिलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहितात तिथेच, प्रत्येक 30 मिलीला एक दांडी, म्हणजे उभी रेघ, मारायची. ती ग्लास तोंडाला लावण्याआधी मारायची, सकाळी आठवून मारायची नाही. दांडी त्यानेच मारायची. सुनंदाने कॅलेंडरला हात लावायचा नाही, आणि जास्त दिसल्या तरी महिनाभर तोंड उघडायचं नाही. हे दुसरं तिला फार जड गेलं.

पहिल्या आठवड्याच्या दांड्या भरल्या 36. ब्रिटनमध्ये 2016 पासून आठवड्याची वरची मर्यादा आपल्या मापाने अकराच्या आसपास सांगतात, आणि तीही सुरक्षित म्हणून नव्हे, धोका कमी म्हणून. बाबल कॅलेंडरकडे बघून एवढंच म्हणाला, “श्रावणात मी एक थेंब घेनय नाय.”

हे वाक्य कोकणात हमखास येतं. श्रावण पाळता येतो ही चांगलीच गोष्ट. पण त्याने उरलेल्या अकरा महिन्यांचं यकृताचं देणं फिटत नाही. मी त्याला विचारलं, गटारीनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात का, दरदरून घाम, झोप उडणं? तसं काही नव्हतं, म्हणून घरच्या घरी कमी करायला हरकत नव्हती.

ज्यांना असं होतं, त्यांनी मात्र एका झटक्यात सोडू नये. बरीच वर्षं रोज भरपूर पिणारा माणूस घरात गणपती आले म्हणून एकदम थांबतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो बरळू लागतो, अंथरुणावर किडे दिसतात, माणसं ओळखेनासा होतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि गाऱ्हाणं घालायला जातात. यात जीव जाऊ शकतो. त्याला तडक रुग्णालयात न्यायचं आणि दारू कधी बंद केली ते डॉक्टरांना न लपवता सांगायचं. सोडण्याआधी सल्ला हवा असेल तर नशामुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे दोन सरकारी क्रमांक आहेत.

बाबलने दारू सोडलेली नाही. पेग मापाने भरतो, सोमवारच्या जोडीला गुरुवारही कोरडा ठेवतो, शनिवारची बिअर गेली. शिमग्यापर्यंत आठवड्याच्या दांड्या सतरावर आल्या आणि बीपी 140/90 वर. मग 1 जूनला मासेमारी बंदी लागली. होडी वर घेतली, दिवसभर जाळी शिवत बसायचं, सोबतीला तीच मंडळी. दांड्या 26 वर गेल्या. सुनंदा कॅलेंडरचं पान मोबाईलवर फोटो काढून घेऊन आली, “आता बोलू काय?” मी म्हटलं, ह्या सव्वीसही त्यानेच मारल्यात ना? गेल्या वर्षी बाटलीत पाणी भरलं असतं. आता 31 जुलैपर्यंत जाळी दुपारी चारलाच आवरायची आणि त्याने मुलाला घेऊन बाजाराकडे निघायचं, असं बाबलनेच सुचवलंय. पुढच्या मंगळवारी बीपी बघू.