पोस्टरवरची माणसं काय घेऊन निघालीत?

प्रश्न : ताई, ‘ग्रीनलँड २ : मायग्रेशन’ची पोस्टर्स आणि ट्रेलर पाहून आमच्या कॉलेजच्या गटात चांगलीच जुंपली. पडकी शहरं, राखाडी आकाश हे सगळं आधी शंभरदा पाहिलंय, मग तिकिटाचे पैसे का घालवायचे, असं माझं म्हणणं. मैत्रीण म्हणते, ट्रेलरवरून निकाल देणं हा अन्याय आहे. तुम्ही सिनेमाच्या जाहिरातींचं काम केलंय. हे पारखायचं तरी कसं?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : पारखायला काहीच हरकत नाही, पोस्टर लावतात ते त्यासाठीच. पण तू आकाश बघत बसलायस, आणि आपत्तिपटाच्या दुसऱ्या भागात आकाशाला फारसं महत्त्व नसतं. २०२० च्या पहिल्या भागात धूमकेतू यायचा होता, म्हणून नजर वर होती. आता तो आदळून गेलाय. कथेतलं गॅरिटी कुटुंब बंकरच्या आसऱ्यातून बाहेर पडून युरोपातून वाट काढतंय. कथा जमिनीवर उतरली आहे. म्हणून पोस्टरवर आधी माणसांचे पाय पाहा, मग हात पाहा. बूट झिजलेत का? पाठीवर काय आहे? कोणी कोणाला धरलंय?

मी नौपाड्यात राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या बंद पडल्या आणि माणसं रुळांवरून चालत घरी निघाली. त्या दिवसाचं पोस्टर कोणी मला करायला सांगितलं असतं, तर मी ढग काढले नसते. चपला हातात, पिशवी डोक्यावर, पोर खांद्यावर, एवढंच काढलं असतं. ज्या पोस्टरवर माणसं नुसतीच पाठमोरी उभी राहून भग्नावशेष न्याहाळतात आणि हात रिकामे असतात, ते पोस्टर मला खोटं वाटतं. घर सोडून निघालेला माणूस रिकाम्या हाताने निघत नाही.

ट्रेलरच्या बाबतीत तुझ्या मैत्रिणीचं अर्धं म्हणणं खरं आहे. ट्रेलर बऱ्याचदा वेगळीच मंडळी कापतात, तेही चित्रपटाचं संकलन चालू असताना. त्यातलं संगीत चित्रपटात असेलच असं नाही, आणि एका प्रसंगातला संवाद दुसऱ्याच दृश्यावर चढवलेला असतो. तेव्हा संगीतावरून आणि दृश्यांच्या क्रमावरून निकाल देऊ नकोस. निकाल द्यायचाच तर आठवणीवर दे : पहिल्या भागातलं दुखणं सिनेमा करणाऱ्यांच्या लक्षात आहे का?

त्या भागातली सगळ्यात जबर गोष्ट धूमकेतू नव्हतीच. मुलाला मधुमेह असल्यामुळे आसऱ्याकडे निघालेल्या कुटुंबाला विमानतळावर अडवतात, ती होती. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये जपावं लागतं, आणि त्यालाही मुदत असते. मग बंकरमध्ये वर्षं काढलेल्या त्या मुलाचं काय? या भागात त्याची भूमिका रोमन ग्रिफिन डेव्हिस करतोय. नवा नट, वाढलेली उंची. किती काळ लोटला हे कोसळलेल्या इमारतींपेक्षा त्याच्या चेहऱ्यावर जास्त दिसायला हवं. ट्रेलर पुन्हा लावशील तेव्हा दरीवरून शिडीने जाणारी माणसं बाजूला ठेव आणि या मुलाच्या वाट्याला किती क्षण आलेत ते बघ. आईबाप त्याच्याकडे कसे बघतात, तेही बघ. बापाच्या भूमिकेतला जेरार्ड बटलर धावतो तेव्हा तो नुसता पळतोय की कोणासाठी तरी थांबतोय, हे दोन सेकंदांत कळतं.

आणि एक कळकळीची विनंती. कुठल्याही सिनेमाचे दोन-तीन ट्रेलर आले, तर पहिला बघ आणि थांब. शेवटच्या ट्रेलरमध्ये पुष्कळदा उत्तरार्धातली दृश्यं उधळून टाकतात, आणि मग तुमचा गट थिएटरात बसून पाहिलेलंच पाहतो. पोस्टर मात्र मोबाइलवर पाहून बाद करू नकोस. सीवूड्सला किंवा वाशीला जाशील तेव्हा लॉबीत लावलेल्या मोठ्या पोस्टरसमोर मैत्रिणीला घेऊन उभा राहा, आणि वाद तिथेच घाला.