क्लास कोणता ते नंतर, आधी फोन हिसकावणं थांबवा

पाचोऱ्याहून एका आईचं पत्र : मुलगा सतरा वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे. विशेष शाळेत जातो. अंक ओळखतो, वाचन जेमतेम. आमचं किराणा दुकान आहे. याचे पप्पा म्हणतात, एमएस-सीआयटी करून घेऊ, दिव्यांग कोट्यातून कुठेतरी क्लार्क लागेल. पण हा दिवसभर माइक दाबून अहिराणी गाणी लावतो, मोबाईल हिसकावूनच घ्यावा लागतो. कोणता क्लास लावू?

उत्तर : ताई, तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंत, ते वाचून मला आनंद झाला. तुमचा मुलगा माइकचं चिन्ह ओळखतो, गाण्याचं नाव बोलतो आणि समोर आलेल्या चित्रांतून नेमकं हवं ते निवडतो. क्लासमध्ये जे शिकवायचं, त्याची सुरुवात त्याने घरीच केली आहे. आणि त्याच गोष्टीसाठी त्याच्या हातातून फोन ओढला जातो. दिवसभर गाणी नकोत, मान्य. वेळ ठरवा, गजर लावा, गजर झाला की फोन त्यालाच ठेवायला सांगा. पण हिसकावू नका. धडधाकट सतरा वर्षांच्या पोराशी असं वागला असता का?

कोट्याबद्दल मिस्टरांना स्पष्टच सांगा. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार अशा सगळ्यांना मिळून त्या चार टक्क्यांपैकी 1 टक्का. शिक्षणाची अट, परीक्षा सुटत नाही. क्लार्क-टंकलेखकाला मिनिटाला 30 शब्दांचं मराठी टायपिंग लागतं. जेमतेम वाचणाऱ्या लेकराच्या डोक्यावर हे ओझं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. दहावीसाठी एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे, पण त्याची घाई नाही.

'आधी लिहा-वाचायला येऊ दे, मग मोबाईल शिकवू' असं खूप पालक म्हणतात. यात मुलांची वर्षं वाया जातात. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं सहसा जास्त पक्कं लक्षात राहतं, आणि मोबाईल सगळा चित्रांवरच चालतो. कॉन्टॅक्टमध्ये मामा, आत्या, पप्पा यांचे फोटो टाका, तो फोटो पाहून फोन लावेल. मेसेज टाइप करायचा नाही, व्हॉइस मेसेज करायचा.

शिकवताना शेवटापासून सुरू करा. म्हणजे पैसे देताना स्कॅन, रक्कम, पिन सगळं तुम्ही करा. हिरवी खूण आली की फोन त्याच्या हातात द्या, दुकानदाराला ती खूण त्याने दाखवायची. स्पीकरवर रक्कम ऐकू आली की काम फत्ते. हे जमलं की रक्कम टाकणं त्याच्याकडे द्या, मग स्कॅन करणं. दरवेळी काम पूर्ण त्याच्या हातून होतं, म्हणून तो कंटाळत नाही. त्याचं बोट अडखळलं तर लगेच आपलं बोट पुढे करू नका. मनात दहा मोजा. आयांना हेच सगळ्यात अवघड जातं.

पिनचं काय, अशी भीती तुम्हाला वाटेल, आणि ती रास्त आहे. त्यासाठी यूपीआय सर्कल आहे. 2024 पासून ही सोय आली. तो स्कॅन करून रक्कम टाकतो, मंजुरीची विनंती तुमच्या फोनवर येते आणि पिन तुम्ही टाकता. त्याचं वेगळं खातंही लागत नाही.

आता करिअर. क्लास लावू नका, त्याला दुकानात बसवा. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर यादी टाकत असतीलच. माल भरला की पिशवीचा फोटो काढून 'सामान तयार आहे' असा व्हॉइस मेसेज त्याने पाठवायचा. हे काम त्याचंच, असं पप्पांनी गिऱ्हाइकांसमोर सांगावं, आणि महिन्याला ठरलेला पगार द्यावा.

एवढं मात्र पुन्हा पुन्हा सांगत राहा : पैसे घ्यायला पिन लागत नाही, आणि ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि त्याला रागावू नका. एकदा रागावलात तर पुढच्या वेळी तो तुमच्यापासून लपवेल.